चंद्र पाहून घरी जाणारे नाना

पंपहाऊसवर नानांइतका भला माणूस दुसरा नाही, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. रातपाळी कुणालाही नकोशी असते. नाना ती मागून घेत. बरं, नुसती घेऊन थांबत नसत. रात्री नऊची पाळी असली तरी दिवेलागणीच्या आधीच डबा घेऊन हजर होत आणि दुपारपासून उभ्या असलेल्या माणसाला म्हणत, "जा बाबा घरी, पोराबाळांत बस. मी बघतो मोटरकडे." पहाटे पाचला सुटी झाली तरी त्यांना निघायची घाई नसे. सकाळच्या माणसाला स्टोव्हवर चहा करून पाजायचा, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या आणि नीट उजाडलं की मग पिशवी उचलायची. असा सोबती मिळायला नशीब लागतं, असं तात्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. तात्या हे तिथले दुसरे पंपचालक, अंगाने ऐसपैस आणि झोपेचे पक्के, त्यामुळे नानांच्या भलेपणाचा सर्वात जास्त फायदा त्यांनाच होई. तिसरा लंबू. तो उंचीमुळे लंबू, बाकी त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

आता खरं सांगायचं तर या भलेपणात निम्म्याहून जास्त वाटा भीतीचा होता. नानांना अंधारात दिसत नव्हतं.

पंपहाऊसच्या आत काही अडचण नव्हती. तिथे ट्यूबलाइटचा लख्ख उजेड. गेजचा काटा, स्टार्टरची बटणं, दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून ठिबकणारं पाणी, सगळं नाना चोख सांभाळत. ते पाणी थेंब थेंबच पडायला हवं. धार लागली तर पॅकिंग गेलं, आणि अजिबात थांबलं तर दांडा तापला. पण पंपहाऊस होतं तलावाच्या पलीकडच्या टोकाला आणि वस्ती अलीकडे. मध्ये लांबच लांब बांध. बांधावरची वाट हातगाडी जाईल एवढीच रुंद, एका अंगाला खोल पाणी, दुसऱ्या अंगाला दगडांचा उतार. दिवा औषधालासुद्धा नाही.

बॅटरी का नाही घ्यायची, असं तुम्ही विचाराल. नानांनी घेऊन पाहिली होती. बॅटरीचा उजेड पडतो ताटाएवढा, आणि ताटाबाहेर त्यांना काजळी फासल्यासारखं वाटे. त्यात समोरून एखादी सायकल दिवा लावून आली की तो दिवा पिंजलेल्या कापसासारखा पसरायचा आणि मग ताटातलंही दिसेनासं व्हायचं. असंच एकदा बॅटरी हातात असताना त्यांचा पाय वाटेबाहेर पडला. ते दगडांच्या बाजूला घरंगळले म्हणून वाचले. गुडघा फुटला, तो घरी "व्हॉल्व्हच्या चाकावर आपटलो" म्हणून खपला. दुसऱ्या बाजूला गेले असते तर खपवायला नाना उरलेच नसते.

डॉक्टरकडे जायचं सोडून हा माणूस तीन वर्षं हे अंगावर काढत होता, आणि त्याला कारण होते त्यांचे वडील. वडील शिंपी. ऐन उमेदीत त्यांना आधी संध्याकाळनंतर दिसेना. मग बाजूचं दिसेना; गिऱ्हाईक शेजारी येऊन खाकरलं तरी पत्ता नसायचा. मग समोरचंही जाऊ लागलं, आणि एक दिवस त्यांनी मशीन पुसून, तेल घालून विकून टाकलं. त्यानंतर कितीतरी वर्षं ते दाराशी खुर्ची टाकून बसत आणि पावलांवरून माणसं ओळखत. नानांनी हे सगळं पायरी पायरीने पाहिलं होतं. त्यामुळे स्वतःला रात्रीचं दिसेना तेव्हा पुढच्या पायऱ्या कुणी सांगायची गरजच उरली नाही. डॉक्टरकडे गेलं की तो सांगणार. नाही गेलं तर अजून कुणी सांगितलेलं नाही. असल्या शहाणपणावर नाना दिवस ढकलत होते. नोकरी जाईल ही भीती होतीच. त्याहून मोठी भीती त्या दाराशेजारच्या खुर्चीची होती.

मग त्यांनी चंद्राला धरलं. चंद्राचा उजेड मंद असेल, पण तो सगळीकडे सारखा पडतो. वाट पांढुरकी दिसते, पाणी चमकतं, उतार काळा राहतो. नानांना एवढं पुरे होतं. स्टार्टरच्या बोर्डाशेजारी कॅलेंडर टांगलेलं असे, आणि त्यात प्रत्येक तारखेखाली बारीक अक्षरांत चंद्र उगवायची आणि मावळायची वेळ छापलेली. बाकीचे त्या कॅलेंडरात सुट्या बघत. नाना चंद्र बघत.

चंद्राचा स्वभाव असा, की तो रोज आदल्या दिवसापेक्षा पाऊण तास, कधी तासभर उशिरा येतो आणि तसाच उशिरा जातो. अमावस्येनंतरची कोर संध्याकाळी दिसते न दिसते तोच मावळते. आठवड्याने अर्धा चंद्र दिवेलागणीला डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीपर्यंत साथ देतो. पौर्णिमेला सूर्याची पाठ वळली की हा समोरून उगवतो. तिथून पुढे संध्याकाळ अंधारी होत जाते, पण पहाटेला चंद्र आकाशात हमखास असतो. नानांनी आपल्या पाळ्या यावर बेतल्या होत्या. चंद्र वाढता असला की दुपारपाळी, म्हणजे रात्री नऊला चांदण्यात घरी. चंद्र उतरता असला की सकाळपाळी, म्हणजे पहाटे चांदण्यात कामावर. आणि अमावस्येच्या आगेमागे दोन्हीकडून अंधार असला की रातपाळी, उजेडी यायचं आणि उजेडी जायचं. तात्यांना आणि लंबूला वाटे, नाना आपल्या सोयीसाठी पाळ्या बदलून देतात. नानाही मग "अरे, माणसाने माणसाच्या उपयोगी पडावं" असं काहीतरी पुटपुटत. त्यांना त्याची लाज वाटे.

हे असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे, पण मध्येच नवे साहेब आले. वयाने लहान, वागायला सरळ. त्यांच्या पहिल्याच आठवड्यात अदलाबदलीचा असा घोळ झाला, की एका दुपारी पंपहाऊसवर तात्या आणि लंबू दोघेही हजर आणि त्याच रात्री कुणीच नाही. दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावाचे नळ कोरडे. साहेबांनी आवाज चढवला नाही. त्यांनी बोर्डावर कागद लावला: यापुढे एकाने महिनाभर एकच पाळी करायची, बदली बंद. नानांच्या वाट्याला दुपारपाळी आली.

"नशीबवान आहेस लेका," तात्या म्हणाले. त्यांच्या गळ्यात रातपाळी पडली होती आणि तोंड त्या मानाने उतरलं होतं. "महिनाभर रात्री घरी झोपशील."

नानांनी कॅलेंडर पाहिलं. पहिल्या तारखेला आकाशात जवळजवळ अर्धा चंद्र असणार होता. म्हणजे पौर्णिमेपर्यंत चिंता नाही, पौर्णिमेनंतरचे तीन दिवसही निभतील. पुढचं पुढे बघू, असं त्यांनी मनाशी म्हटलं, आणि पहिले दिवस खरंच मजेत गेले. रात्री नऊला तात्यांच्या हाती पंप सोपवायचा आणि चांदण्यात रमतगमत घरी. पौर्णिमेच्या रात्री तर बांधावरून चालताना नाना चक्क शीळ घालत होते.

पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी पुढचं पुढे आलं. कॅलेंडरात चंद्रोदय साडेनऊचा. तलावामागच्या टेकडीवरून चंद्र वर यायला आणखी थोडा वेळ लागायचा. नानांनी पिशवी भरली, परत ठेवली आणि राखीव पंपाचं पॅकिंग उकरायला बसले.

"आत्ता हे काय काढलंस?" तात्यांनी विचारलं.

"पाणी जास्त ठिबकतंय."

"पंप बंद आहे तो."

"बंद आहे तोवरच बघायला हवं," नाना म्हणाले, आणि बांधावर उजेड पडल्यावर निघाले.

दुसऱ्या दिवशी चंद्र आणखी उशिरा. नानांनी हत्यारांची पेटी उलटी करून सगळे पाने पुसले. तिसऱ्या दिवशी तर साडेअकराच्या पुढे गेलं, तेव्हा पुसायलाही काही उरलं नाही. तात्या खुर्चीत बसून या माणसाकडे बघत राहिले. त्यांना झोप काढायची होती, आणि कुणी जागं समोर बसलेलं असताना झोपणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

"घरी भांडलास का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"छे."

"मग जा की. बायकोला घाबरतोस का?"

"तसंच समजा," नाना म्हणाले. खरं कारण सांगण्यापेक्षा हे बरं होतं.

घरी बायको गप्प होती, आणि नाना त्याला भ्यायले. एरवी पाच मिनिटं उशीर झाला तर उलटतपासणी घेणारी ही बाई तीन रात्री नुसतं ताट वाढत होती, पुन्हा गरम करत होती आणि समोर बसून नवऱ्याकडे बघत होती. तिच्या मनात काय आहे ते नानांना कळेना, आणि विचारायची छाती होईना.

चौथ्या दिवशी दुपारी कामावर येऊन त्यांनी कॅलेंडर पाहिलं, तर त्या तारखेखाली चंद्रोदयाच्या जागी आडवी रेघ. त्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता. उशीर होत होत चंद्राने आता मध्यरात्र ओलांडली होती, म्हणून त्याचा उदय पुढच्या तारखेत गेला होता. महिन्यातून एकदा अशी रेघ येतेच. इतकी वर्षं त्यांनी ती रातपाळीत नाहीतर सकाळपाळीत आरामात पाहिली होती. आज तीच रेघ दुपारपाळीत आली होती. आणि ती एका रात्रीची गोष्ट नव्हती. यापुढे अगदी महिनाअखेरपर्यंत संध्याकाळचा चंद्र नव्हताच. आज तात्यांना काहीतरी थाप मारून सकाळपर्यंत इथेच पडता येईल. उद्या काय सांगायचं? परवा काय? साहेबांकडे जाऊन खरं सांगावं तर पंपावर आंधळा होत चाललेला माणूस कोण ठेवील? आणि न सांगता चालावं तर उजव्या हाताला पाणी. नाना दुपारभर मोटरच्या आवाजात हेच घोळवत बसले. चहाचा कप भरलेला तसाच निवला.

नऊला तात्या आले, पाळी घेतली, आणि खुर्चीत बसता बसता म्हणाले, "आज काय पुसणार आहेस?"

नानांनी फडकं उचललं, तेवढ्यात दाराशी बॅटरीचा उजेड पडला आणि मागोमाग त्यांची बायको आत आली. पदर खोचलेला, श्वास चढलेला. इतक्या वर्षांत तिने पंपहाऊसमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. तिने मोटरकडे पाहिलं, तात्यांना नमस्कार केला आणि नवऱ्याला म्हणाली, "चला."

तात्यांनी भुवया उंचावून नानांकडे पाहिलं. त्या नजरेत सहानुभूती काठोकाठ भरली होती.

बाहेर आल्यावर तिने बॅटरी विझवली. नाना जागच्या जागी थांबले.

"अगं, लाव ना ती."

"दिसत नाही?" तिने विचारलं.

नानांनी भिंतीला हात टेकवला.

"किती दिवस झाले?"

मोटरची घरघर भिंतीतून ऐकू येत होती. नाना म्हणाले, "तीन वर्षं."

तिने बॅटरी लावली, नवऱ्याचा हात ओढून आपल्या खांद्यावर ठेवला आणि पाण्याच्या बाजूला स्वतः झाली. दोघं चालू लागली. थोडं पुढे गेल्यावर ती बोलायला लागली, आणि मग थांबेचना. "पहिल्या दिवशी मला वाटलं, दारू. तोंडाला वास नव्हता. दुसऱ्या दिवशी वाटलं, दुसरंच काही. पण म्हटलं, या वयात तुम्हाला कोण विचारतंय."

"विचारलं असतं एखादीने," नाना दुखावून म्हणाले.

"काल मी अंगणातच बसले होते. टेकडीवर चंद्र आला, धुण्याच्या दगडावर उजेड पडला, आणि तुम्ही आलात. म्हटलं, परवाही असंच झालं होतं. आणि मग तुम्ही दाराशी आलात, तिथे सावली होती. तुम्ही अंगठ्याने उंबरा चाचपलात. मामंजी असंच चाचपायचे. त्यांना मी रोज हाताला धरून आत घेत होते, मला तो पाय कळणार नाही? रात्रभर माझा डोळ्याला डोळा नाही. मला सांगायचं सोडून चंद्राची वाट बघत बसलात?"

नानांना वाटलं होतं, हे कळेल त्या दिवशी पायाखालची जमीन सरकेल. झालं उलटंच. छातीवर तीन वर्षं कुणी पोतं ठेवलं होतं, ते कुणीतरी एका बाजूने धरून उचललं असं त्यांना वाटलं, आणि डोळे भरून आले. अंधार असल्यामुळे ते पुसायची घाई करावी लागली नाही.

"मला ती खुर्ची नको आहे गं," ते म्हणाले.

"नको आहे ना? मग उद्या सकाळी डॉक्टर," ती म्हणाली.

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसून नानांनी दोनदा पळ काढायचा प्रयत्न केला. एकदा पाणी पिऊन येतो म्हणून, एकदा चप्पल बदलली गेली म्हणून. बायकोने पिशवीचा बंद त्यांच्या मनगटाला अडकवून ठेवला. आत डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वडिलांचंही आणि, बायको केसपेपर काढायला गेली तेवढ्यात, गुडघ्याचंही, आणि नानांना एका पांढऱ्या घमेल्यासारख्या यंत्रात डोकं घालायला सांगितलं. समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, आणि कडेला कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं.

नानांनी आयुष्यभर बटणंच दाबली होती, पण हे बटण त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. वडिलांचं बाजूचं गेलं होतं ते त्यांना आठवत होतं. दिवा चमकला, दाबलं. दुसरीकडे चमकला, दाबलं. मग बराच वेळ काही चमकेना, आणि नानांना वाटलं, संपलं, इथेच सुरुवात आहे. तेवढ्यात पार कोपऱ्यात एक चमकला आणि त्यांनी बटण इतकं जोरात दाबलं की यंत्र हललं.

"हळू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग डोळ्यांत थेंब घालून, हनुवटी दांड्यावर टेकवून त्यांनी आत बघितलं. बराच वेळ बघितलं. नाना जीव मुठीत धरून बसले होते. बायको भिंतीवरच्या अक्षरांकडे बघत होती, पण वाचत नव्हती.

"मोतीबिंदू आहे," डॉक्टरीणबाई खुर्ची मागे सरकवत म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांत. चांगलाच पिकत आलाय. म्हणून दिवे पसरतात आणि अंधारात काही उमगत नाही. एकेक करून काढू."

"आणि वडिलांचं ते?" नानांनी विचारलं.

"त्याचं चिन्ह नाही. आतला पडदा चांगला आहे, बाजूचं तुम्हाला स्वच्छ दिसतंय."

"म्हणजे ते नाही?"

"नाही."

"पुढे होईल?"

"अहो, ते यायचं असतं तर एव्हाना आलं असतं. तुम्ही तीन वर्षांपूर्वी आला असतात तर मी तेव्हाही हेच सांगितलं असतं, आणि तुमचा गुडघा वाचला असता."

बायकोने वळून नवऱ्याकडे पाहिलं. "गुडघा तर व्हॉल्व्हवर आपटला होता ना?"

नाना हसायला लागले. ते हसू त्यांना आवरेना. थेंब घातलेल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते हसत होते. मग बायकोही हसली, आणि हसता हसता भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही कापसाचे बोळे दिले.

साहेबांना नानांनी स्वतः जाऊन सांगितलं. साहेब ऐकून म्हणाले, "नाना, हे आधी सांगितलं असतं तर मी तो कागद लावलाच नसता." रजा लगेच मिळाली. तात्यांना खरं कळल्यावर आधी फार वाईट वाटलं, आणि मग मागच्या सगळ्या पाळ्या डोळ्यांपुढून गेल्यावर ते म्हणाले, "म्हणजे तू आम्हाला लवकर सोडायचास ते आमच्यासाठी नव्हतंच?"

"नव्हतं," नाना म्हणाले.

"बरं झालं बाबा. मला उगाच उपकार वाटत होते."

दोन्ही डोळे झाले, काळा चष्मा लागला, सुटला, आणि नाना परत कामावर रुजू झाले. पाळी तीच, दुपारची. पहिल्या दिवशी रात्री नऊला ते बाहेर आले. ताऱ्यांच्या उजेडात वाट समोर होती. पांढुरकी, सरळ, दोन्ही कडा शाबूत. पाणी पाण्याच्या जागी होतं आणि दगड दगडांच्या जागी. समोरून एक सायकल दिवा लावून आली, तर तो दिवा दिव्याएवढाच दिसला. मध्ये एकदा ते थांबले, उगाचच. वडिलांना हे मिळालं नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. मग परत चालू लागले.

बायको अंगणात दगडावर बसली होती. बॅटरी मांडीवर होती, न लावलेली. नाना आले, सावलीतला उंबरा न चाचपता ओलांडून आत गेले, आणि हातपाय धुऊ लागले. ती मागोमाग आली. बाहेर काळोख होता, टेकडीवर चंद्राचा पत्ता नव्हता.

"आज चंद्र किती वाजता उगवतो हो?" तिने विचारलं.

नाना हात पुसत थांबले. त्यांनी आठवून पाहिलं. दुपारभर ते त्याच बोर्डासमोर उभे होते, आणि कॅलेंडरकडे एकदाही बघितलं नव्हतं.

"कुणास ठाऊक," ते म्हणाले. "वाढ जेवायला."